सुलतानपूर प्रभात चालणे मंडळाची पहिली यशस्वी फेरी

मु. पो. सुलतानपूर, ता. लोणार
तुरीच्या सोंगणीचे दिवस

आदरणीय कचरूदादा,

सप्रेम जयभीम. तुमची तब्येत बरी आहे असं धरून चालतो. धरून चालतो म्हणायचं कारण, फोनवर विचारलं की तुम्ही "ठीक आहे" एवढंच बोलून फोन वहिनींच्या हातात देता, आणि वहिनी काही वेगळंच सांगतात. म्हणून हे पत्र. पत्र असं मध्येच दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. शिवाय डेपोतली सूचना असो की भज्याच्या पुडीचा कागद, हाती आलेला मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय तुम्ही सोडत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. इकडे सुवर्णा मजेत आहे. आमची लेक पायल पुण्याला तिच्या नोकरीत रमली आहे आणि दर महिन्याला घरच्या कुणाला ना कुणाला बूट पाठवते. (तुमचे मिळालेच असतील. ते कपाटावर ठेवले आहेत असं कळलं. जागा चांगली आहे, उंदीर लागत नाहीत.)

सुरुवातीलाच एक शब्द देतो. तुमच्या फिरण्याबद्दल मी या पत्रात काही लिहिणार नाही. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तुमच्या हृदयाची नळी मोकळी करून दिली आणि निघताना सांगितलं, की रोज पायी फिरा, नाहीतर आपली पुन्हा इथंच भेट होईल. ते तुमचं आणि त्यांचं. तुम्ही ओट्यावरच्या खुर्चीपर्यंत जाता आणि तिथून जेवायला परत येता, तेवढ्यालाच फेरी म्हणता, हे वहिनींचं म्हणणं. रात्री तुमच्या श्वासाकडे कान लावून जागी राहते, असंही त्या म्हणाल्या. मी त्यात पडत नाही. उलट मला तुमची बाजू पटते. ज्या माणसानं नोकरीभर मेहकर डेपोची लाल गाडी चालवली, तो उतारवयात पांढरे बूट घालून कुठंही न पोचण्यासाठी पायी निघाला, तर चौकातलं पानटपरीवालं मंडळ विचारणारच, "कचरूभाऊ, पायीपायी कुठं निघाले?" आणि या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नाही. उत्तर नसेल तर माणसानं घराबाहेर पडू नये. विषय संपला.

मी लिहितोय ते निव्वळ माझा पराक्रम कळवायला. आपल्या घराण्यात नाव निघेल असं एक काम तुमच्या धाकट्या भावाच्या हातून झालं आहे, आणि ते दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून तुमच्या कानावर जाण्याआधी मी स्वतःच लावून पाठवतो.

गेल्या वर्षी मला साखर निघाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मलाही चालायलाच सांगितलं. मी मनात हसलो. आरोग्य सेवक म्हणून मी या तालुक्यातल्या विहिरींमध्ये पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकली, माझ्याकडून हत्तीरोगाच्या गोळ्या न गिळता कुणी दारातून सुटला नाही, तिथं स्वतःचे दोन पाय हलवायचे म्हणजे काय मोठं? पण दादा, गोळी गिळणं सोपं असतं, ती घरात बसून गिळता येते. चालायला रस्त्यावर जावं लागतं, आणि रस्त्यावर लोक असतात. पहिल्याच सकाळी पायलनं पाठवलेले बूट घालून निघालो, तर आपला गोविंदा (गिरणीवाला, मला मामा म्हणतो) गाडी घेऊन मागून आला. "बसा मामा." म्हटलं, मी चालून राह्यलो. "काऊन? गाडी बिघडली का?" म्हटलं, गाडी नाही, तब्येत. "तब्येत बिघडली, अन् पायी चालले? बसा चूपचाप!" त्यानं मला पुढच्या फाट्यावर नेऊन सोडलं. तिथून परत निघालो तर दुधाची गाडी. दूधवाल्याला नाही म्हटलं तेव्हा तो खरोखर दुखावला. "माह्या गाडीवर काटे आहेत का?" म्हणाला. बसलो. त्या दिवशी मी भरपूर लांब जाऊन आलो, फक्त जमिनीला पाय फारसे लागले नाहीत.

गाडीवाल्यांना चुकवून बैलगाडीच्या वाटेनं जायला लागलो, तर तिथं चौकशी. कुठं चालले? शेतात? तुमचं शेत तर इकडं नाही. मग कुणाच्या? संध्याकाळपर्यंत गावात झालं, की प्रेमानंदचं घरात पटत नाही, तो सकाळी उठून रागानं निघून जातो. शेजारची सुचिता सुवर्णाला समजवायला आली, येताना वाटीभर आमटीही घेऊन आली. सुवर्णानं खरं काय ते लगेच सांगायला हवं होतं. पण आमटी चांगली होती आणि सहानुभूती तिला फार वर्षांनी मिळत होती, म्हणून तिनं दोन दिवस काढले. मग मी हातात रिकामी पिशवी घेऊन निघायला लागलो, म्हणजे माणूस कामाला चाललाय असं वाटावं. तो उपाय तर फारच चालला. पिशवी पाहून जो तो काम सांगायला लागला. कुणाचा चष्मा दुरुस्तीला, कुणाची कोथिंबीर, एका बाईनं तर कोंबडी दिली. व्यायामाला गेला आणि बगलेत कोंबडी घेऊन परत आला, असा माणूस साऱ्या जिल्ह्यात मीच.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की एकट्या माणसाचं चालणं संशयास्पद असतं. दहा जण चालले तर तो कार्यक्रम होतो. म्हणून मी 'सुलतानपूर प्रभात चालणे मंडळ' स्थापन केलं. माणिकराव, आपले जुने हेडमास्तर, अध्यक्ष झाले. गोविंदा सचिव. बाकीच्यांना उपाध्यक्ष, सहसचिव, संघटक, प्रसिद्धिप्रमुख अशी पदं दिली, कारण पद नसेल तर येणार नाही असं प्रत्येकानं आडून सुचवलं. (साधा सदस्य मी एकटाच.) फलक तयार झाला. नाल्याच्या पुलावर रोज सकाळी सगळे वेळेवर जमायचे, कठड्यावर बसायचे आणि चालण्याचे फायदे यावर बोलायचे. ऊन वर आलं की आता घाम येईल म्हणून उठायचे. चहा सुरू झाला, मग पोहे सुरू झाले. मंडळ सुरू झाल्यापासून माणिकरावांचा पट्टा एक भोक पुढं गेला.

ही दशा पाहून मी एका रविवारी कडक नियम केले. सगळ्यांनी पांढरे कपडे घालायचे, म्हणजे ओळख राहील आणि गाडीवाले थांबणार नाहीत. (पांढरे कपडे प्रत्येकाकडे असतातच, कुणाचे विहारातल्या कार्यक्रमाचे, कुणाचे लग्नाच्या पंगतीत वाढायचे.) थंडी फार होती, म्हणून डोक्याला गमछा. एका रांगेत चालायचं. बोलायचं नाही, बोललं की दम लागतो. मान ताठ, नजर समोर, मागं वळून पाहायचं नाही. आणि पुलावर न टेकता थेट बोरखेडीपर्यंत जाऊन यायचं.

बोरखेडीच का, तर रस्ता सपाट आहे म्हणून. दुसरं काही माझ्या डोक्यात नव्हतं, हे शपथेवर सांगतो. आता बोरखेडीचा कडूबाभाऊ तुम्हाला आठवत असेल. तोच तो धिप्पाड गडी, जत्रेच्या कुस्तीत नारळ जिंकणारा. जो थांबा नसताना रस्त्याच्या मधोमध उभा राहून तुमच्या गाडीला हात दाखवायचा. तुम्ही "हा काय सरकारी थांबा आहे का बे?" म्हणून ओरडायचा आणि थांबायचा. त्या कडूबाला पावसाळ्यात लकव्याचा झटका आला. जीव वाचला, हातपायही बरेच परत आले. डॉक्टरांनी काठी देऊन चालायला सांगितलं. पण ज्या गल्लीत लोक आपली छाती पाहायला थांबायचे, त्या गल्लीतून पाय ओढत जायचं, हे त्याला सोसेना. तो अंगणातल्या बाजेवरून उठेना. आखडत चाललेल्या पायाला त्याची बायको रुखमाबाई रोज तेल लावायची आणि रोज रडायची. कडूबाचं आता काही खरं नाही, असं आसपासच्या गावांनी ठरवून टाकलं होतं.

आता तुम्हीच चित्र डोळ्यांसमोर आणा. हिवाळ्याची सकाळ, धुकं. दहा प्रौढ माणसं, पांढरे कपडे, डोक्याला गमछे, एका रांगेत, तोंडातून शब्द नाही, चेहरे लांब (उपाशीपोटी होते), झपझप बोरखेडीच्या दिशेनं चालली आहेत. पाहणाऱ्यानं काय समजावं? आणि आपल्याकडची रीत तुम्हाला सांगायला नको. मयतीला चाललेल्या माणसाला थांबवून कोण गेलं म्हणून विचारत नाहीत. विचारणं म्हणजे आपल्याला निरोप मिळाला नाही, आपण जवळचे नाही, असं कबूल करणं. हातातलं काम ठेवायचं, डोक्याला काहीतरी गुंडाळायचं आणि मागं लागायचं.

लोक लागले. मी सगळ्यांत पुढं, मान ताठ, नियमाप्रमाणे मागं न पाहता चाललेला. पण कान होते. दहा माणसांच्या पावलांचा आवाज हळूहळू वाढत गेला. तुरीच्या वावरातून माणसं बांध ओलांडून येताना डोळ्यांच्या कडेला दिसली. हॉटेलवाल्यानं फळी लावल्याचा आवाज आला. एक मोटारसायकल मागून आली, आणि दादा, आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्याजवळ "बसा" म्हणाली नाही. गाडीवाल्यानं ती बंद केली, खाली उतरला आणि हातानं ढकलत रांगेत चालू लागला. माझा ऊर भरून आला. मनात म्हटलं, प्रेमानंदा, जनता जागी झाली! इतकी वर्षं भाषणं केली, पत्रकं वाटली, भिंती रंगवल्या, तेव्हा जे झालं नाही ते आज एका शिस्तीनं झालं. मला एकदोनदा हुंदका ऐकू आला, तोही मला आनंदाचाच वाटला.

बोरखेडीचं पहिलं घर आलं आणि गीताबाईनं गळा काढला. गीताबाई कोण ते सांगतो. वाटेतल्या वस्तीवरची आहे, आणि पंचक्रोशीत तिच्याशिवाय मयत शोभत नाही असं मानतात. ती बायकांची वेगळी रांग घेऊन आमच्या मागं होती, हे मला तेव्हा कळलं. मी मागं वळून पाहिलं (नियम मोडला), तर रस्ता दिसेना, नुसती माणसं. आणि दारोदारचे बोरखेडीकरही, आपल्याच गावात कुणीतरी गेलं आणि आपल्याला पत्ता नाही, या शरमेनं घाईघाईत टोप्या घालून सामील होत होते.

रांग आपोआप कडूबाच्या दाराशी वळली. मी वळवली नाही, मला मागून ढकललं. अंगणात कडूबा बाजेवर ऊन खात बसलेला, रुखमाबाई पायाला तेल लावत होती. इतकी माणसं आणि तो आक्रोश पाहून ती बिचारी उठली, पदर डोक्यावर घेतला आणि रीतीप्रमाणे तिनंही रडायला सुरुवात केली. गीताबाई धावत जाऊन तिच्या गळ्यात पडली. "कसं झालं वं माय! असे कसे सोडून गेले वं कडूबाभाऊ!" रुखमाबाई रडता रडता थांबली आणि तिनं बाजेकडं पाहिलं. सगळ्या गावानं बाजेकडं पाहिलं. कडूबानं आधी स्वतःकडं पाहिलं, मग आमच्याकडं.

"काऊन बे?" तो म्हणाला. "मी कुठं गेलो?"

गीताबाईचा हात रुखमाबाईच्या गळ्यातच राहिला. सगळ्यांत वाईट अवस्था माणिकरावांची. ते माझ्यामागं दुसरे, म्हणजे त्यांना तरी ठाऊक हवं होतं; पण मागून कुजबूज आली तेव्हा आपण अध्यक्ष असून आपल्याला मयत कळली नाही असं वाटून त्यांनी वाटेतल्या शेतमालकाकडून झेंडूचा हार घेतला होता. तो आता दोन्ही हातांत धरून ते बाजेसमोर उभे. पण माणूस हेडमास्तर राहिलेला आहे. त्यांनी खाकरून घसा साफ केला, हार कडूबाच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "मंडळाच्या वतीनं, प्रकृतीत झालेल्या सुधारणेबद्दल, जाहीर सत्कार!" मी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. गीताबाईनंही वाजवल्या, आणि डोळे पुसत म्हणाली, "मले तं आधीपासूनच वाटून राह्यलं होतं, का बाप्पा हे जिते असतीन म्हणून."

गल्लीभरच्या घरांतून कप-बशा गोळा झाल्या. एवढ्या लोकांना चहा पुरला कसा ते रुखमाबाईलाच ठाऊक. कडूबा हार घालून बसला होता आणि एकेकाचं तोंड निरखत होता. आपल्या मयतीला कोण कोण आलं हे पाहायला मिळणारा त्या भागातला तो एकमेव माणूस, आणि त्यानं ती संधी सोडली नाही. "तू आला बे? आपलं बांधावरून भांडण ना?" मग मला हळूच विचारलं, "अन् तो बाजारगल्लीतला धान्यवाला नाही आला?" म्हटलं, नाही आला. "हाव. ध्यानात ठेवतो."

आणि आता खरी गोष्ट. आम्ही निघायला उठलो. दारात आलेल्या माणसाला शिवेपर्यंत पोचवायला जायचं, हे आपल्याकडं कुणी शिकवत नाही, ते अंगातच असतं. कडूबा बाजेची दांडी धरून उठायला लागला. रुखमाबाई म्हणाली, तुम्ही बसा, पोरं पोचवतीन. त्यावर तो जो गरजला, तो कुस्तीच्या फडातला आवाज होता. "एवढे लोक माह्या मयतीले पायी आले, अन् मी बाजेवर बसून राहू? लोक काय म्हणतीन?" दादा, ज्या 'लोक काय म्हणतील'नं त्याला पावसाळ्यापासून बाजेला बांधून ठेवलं होतं, त्याच 'लोक काय म्हणतील'नं त्याला उचलून उभं केलं. काठी टेकत, डावा पाय ओढत तो निघाला. आधी लिंबाच्या झाडापर्यंत, मग मारुतीच्या पारापर्यंत, मग नाल्यापर्यंत. तो दमला की आम्ही सगळे थांबायचो आणि कुणाच्या तरी तुरीबद्दल बोलायचो, तिकडं बघायचोच नाही. शिवेच्या दगडाशी त्यानं सगळ्यांना हात जोडले. रुखमाबाई मागं उभी होती. रडत होती, पण ते रडणं गीताबाईलाही जमलं नसतं.

तेव्हापासून फेरी एक दिवस चुकलेली नाही. कडूबा रोज शिवेवर आम्हाला घ्यायला येतो, आणि परतताना पुन्हा शिवेपर्यंत सोडायला. लोक का येतात, तर त्यानं जाहीर केलं आहे, की जो सकाळी येणार नाही, त्याच्या मयतीला आपण जाणार नाही. धान्यवाला दुसऱ्याच दिवसापासून यायला लागला. माझी साखर उतरली आहे, माणिकरावांचा पट्टा मागच्या भोकावर आला आहे. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, लोकांना असं काय सांगितलं? मी म्हटलं, शास्त्र आहे. याहून जास्त सांगणं माझ्या स्वभावात नाही.

असो. मोठ्यांपुढं फार फुशारकी मारू नये. वहिनींना जयभीम, आणि तुम्ही ओट्यावरच्या खुर्चीत सुखानं बसा.

तुमचा धाकटा भाऊ,
प्रेमानंद
संस्थापक, सुलतानपूर प्रभात चालणे मंडळ

ता. क. ऐतिहासिक फेरीहून मी स्वतः गोविंदाच्या भावाच्या गाडीवर मागं बसून परतलो, असं कुणी सांगेल. ते खरं आहे. त्या दिवशीचे बूट नवे होते आणि टाचेला फोड आला होता. संस्थापकानं पुढं जाऊन चहाची व्यवस्था पाहायची असते, हेही लक्षात घ्यावं.

दुसरा ता. क. हे पत्र वहिनींच्या सांगण्यावरून लिहिलं, असा संशय कृपया घेऊ नये. त्यांनी फक्त अक्षर मोठं काढायला सांगितलं.

तिसरा ता. क. (हा चष्मा पुसून वाचावा.) येत्या रविवारी सकाळच्या एसटीनं मंडळ मेहकरला येत आहे. स्थानकापासून तुमच्या घरापर्यंत रांगेत येऊ. पांढरे कपडे असतील, डोक्याला गमछे असतील, घाबरू नये. गीताबाईला रडायचं नाही असं बजावलं आहे, पण तिची हमी मी घेत नाही. तुमच्या गल्लीतले लोक मागं लागले तर लागू द्या, वहिनींनी जास्तीचं दूध सांगून ठेवलं आहे. कडूबाही काठी घेऊन येतोय. मी म्हटलं, तुला झेपणार नाही; तर म्हणाला, "तुह्या भावानं माह्यासाठी थांबा नसताना गाडी थांबवली. मी त्याच्या दारात नाही थांबू?" एवढ्या माणसांना परतीच्या गाडीत जागा तुमच्या ओळखीशिवाय मिळणार नाही, म्हणून स्थानकापर्यंत तुम्हाला यावं लागेल. आमची पावलं हळू आहेत. कडूबा दमला की सगळे थांबतात आणि कुणी कुणाकडं बघत नाही. बूट वहिनींनी कपाटावरून खाली काढले आहेत. आणि चौकात कुणी विचारलंच, "कचरूभाऊ, पायीपायी कुठं निघाले?", तर दादा, आता उत्तर आहे. सांगा, धाकट्याला पोचवायला चाललो.